दादाची कात्री

२ फेब्रुवारी, रविवार

ही वही मुलीची. लग्न होऊन गेली तेव्हा कोरीच ठेवून गेली होती. आज हिने ती कपाटातून काढून माझ्यापुढे आदळली आणि म्हणाली, "घ्या. लिहा आता देव काय बोलतो ते. म्हणजे, त्याला बोलायला मिळालं तर."

झालं असं की आज उपदेशात पाळकसाहेब म्हणाले, आपण प्रार्थनेत देवाला गाऱ्हाणी सांगतो, मागण्या सांगतो, वर त्याने काय करावं याचा सल्लाही देतो आणि आमेन म्हणून उठून जातो. समोरच्याला तोंड उघडायला जागाच ठेवत नाही. हे ते म्हणाले मात्र, निम्मी मंडळी मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. मागच्या बाकावर पोस्टमास्तर तर चक्क हसले. बाजारात मला सगळे रेडिओ म्हणतात, त्यामुळे कोणाबद्दल बोलणं चाललंय हे लहान मुलालाही कळलं असतं.

माझं म्हणणं असं की सलूनवाल्याने बोललंच पाहिजे. गिऱ्हाईक डोळे मिटून आपला गळा आमच्या वस्तऱ्याखाली देतं, त्याला धीर नको? आमचं दोन खुर्च्यांचं दुकान. एका खुर्चीमागे दादा, तो दिवसभरात दहा शब्द बोलला तर खूप. दुसऱ्या खुर्चीमागे मी. दोघांची बेरीज केली तर बरोबर एका शहाण्या माणसाइतकं बोलणं होतं.

पाळकसाहेबांनी अभ्यास दिलाय. रोज काम सुरू करण्याआधी थोडा वेळ गप्प बसायचं आणि जे ऐकू येईल ते एका ओळीत लिहायचं. मी घेतलंय मनावर. मला विचारायचंही आहे एक. शेजारचा शिंपी जागा सोडतोय. मधली भिंत पाडून आपण ती घ्यावी, तिसरी खुर्ची टाकावी, हे मी दादाला महिनाभर सांगतोय. तो म्हणतो, "बघू." वडील गेल्यापासून दादाला विचारल्याशिवाय मी दुकानात साधा खिळा ठोकलेला नाही. पण "बघू" म्हणजे काय उत्तर झालं? तेव्हा आता दादाच्याही वरच्या साहेबाला विचारतो.

३ फेब्रुवारी, सोमवार

घरी बसून बघितलं. हिची भांडी, वरच्या मजल्यावरच्या बाईंचं खाली ओरडून बोलणं. देवाला माझ्यापर्यंत पोचायचं तर आधी या दोघींमधून वाट काढावी लागेल. म्हणून लवकर दुकानात गेलो. मागच्या दाराने शिरलो, पुढचं शटर खालीच ठेवलं, आणि पडद्यामागे मोरीजवळच्या स्टुलावर बसलो. दादाला सांगितलं नाही. तो काही बोलणार नाही, पण आरशातून असा बघेल की मला हसू येईल.

ऐकलं: नळ. वॉशर बदलायला हवा.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळचं थोडंसं पुरत नाही असं वाटलं, म्हणून ठरवलं की कामातही तोंड बंद ठेवायचं. हो-नाही, बारीक-मध्यम, एवढंच. पोस्टमास्तर म्हणाले, "काय रे रेडिओ, दाढ दुखतेय का?" मी मान हलवली. त्यांनी लवंग चावायला सांगितलं.

दुपारी तो वजनकाट्याच्या दुकानातला माणूस आला. वर्षानुवर्षं येतो, "बारीक" याच्यापुढे त्याच्याकडून कधी शब्द ऐकला नव्हता. आज मी गप्प, तर तो आपणहून बोलायला लागला. बायको अंथरुणाला खिळली आहे, तिचे केस तोच विंचरतो, गुंता सोडवायला जमत नाही. मी त्याला दाखवलं, टोकाकडून सुरुवात करायची, मुळाकडून नाही. त्याने माझा हात धरून ठेवला बराच वेळ. चांगला माणूस आहे, पण त्याच्या नादात माझं देवाकडे लक्षच राहिलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मी वैतागलोय. गप्प बसून माणसाने ऐकायचं म्हटलं तर ऐकू काय येतं? दादाची कात्री.

आमच्या वडिलांनी आम्हाला कात्री कानांनी शिकवली. डोळे मिटायला लावायचे आणि म्हणायचे, हात चुकला की आधी आवाज चुकतो. दादाची कात्री म्हणजे शिवणयंत्र. केस नसले तरी हवेत चालत राहायची, एका लयीत, कच कच कच. मला वाटतं मी तीस वर्षं तिच्या तालावरच बोलत आलोय आणि तिच्याकडे कधी लक्ष दिलेलं नाही. आता ऐकतो तर ती अडखळते. कच कच, मग काहीच नाही, मग दोन एकदम. हे एकदा कानाला टोचायला लागलं की दुसरं काही सुचत नाही. स्क्रू सैल झाला असणार. दादा गेल्यावर मी तो आवळला, तेल घातलं, धार पुसली.

तुरटीसुद्धा लवकर संपतेय हल्ली. परवा नवा खडा आणला, दादाच्या बाजूला निम्माच उरलाय. मालच हलका यायला लागलाय.

८ फेब्रुवारी, शनिवार

शनिवारी दुकान बंद झालं की आम्ही भाऊ एकमेकांची दाढी करतो. वडिलांची शिस्त. ते म्हणायचे, देवाच्या घरी जाताना तोंडावर भावाचा हात फिरलेला असावा. भांडण असलं तरी करायची, आणि गळ्यावर वस्तरा असताना भांडण फार वेळ टिकत नाही हा माझा अनुभव आहे.

पण नाताळ झाल्यापासून दादा टाळतोय. आधी म्हणाला कातडीला खाज येते. मग म्हणाला वहिनी वाट बघतेय. आता तर दाढीच वाढवलीय. "राहू दे," म्हणतो, "बरी दिसते." सलूनवाल्यानेच दाढी वाढवली तर गिऱ्हाइकांनी आमच्याकडे बघून काय शिकायचं? मला माहीत आहे काय ते. तिसऱ्या खुर्चीवरून रुसलाय. माझी मी केली, हनुवटीखाली कापून घेतलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तेल घालूनही कात्री अडखळतेच. आज धारवाला आला तेव्हा दादा जेवायला गेला होता, मी ती पुढे केली. त्याने उजेडात धरली, एक केस कापून बघितला आणि परत दिली. म्हणाला, "साहेब, हिला काहीही झालेलं नाही. उगाच पातं झिजवू नका." हल्ली कामच नको असतं लोकांना.

मग मी काय केलं, बाजारात गेलो आणि दादासाठी नवी कोरी कात्री आणली. उत्तम पोलाद. संध्याकाळी त्याच्या आरशासमोर ठेवली. मौन चालू होतं म्हणून नुसतं बोट दाखवलं. तो कात्रीकडे बघत राहिला. मग आरशातून माझ्याकडे. आम्ही समोरासमोर फार बघतच नाही, आमचं सगळं आरशातून. म्हणाला, "जुनीचं काय करायचं? टाकायची?" मी खांदे उडवले. त्याने जुनी रुमालात गुंडाळून खिशात घातली. धन्यवाद वगैरे आमच्या घरात पद्धत नाही, पण चेहरा तरी जरा हसरा करायचा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ही विचारत होती, "तुम्ही दादांना काही बोललात का?"

म्हटलं, "बोललो? मी आठवडाभरात कोणाला काही बोललोय का?"

"वहिनी रडत होत्या फोनवर."

"कशाबद्दल?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी नुकताच जन्मलोय. "तुम्ही ऐकताय ना रोज? मग ऐका," म्हणाली आणि आत गेली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नवी कात्रीही अडखळते. आता काय म्हणायचं!

मात्र एक चांगली गोष्ट. आठवडाभर दादा दाढीचं गिऱ्हाईक माझ्याकडे पाठवतोय. "तू घे, मी केस घेतो." माझ्याकडे रांग आणि त्याची खुर्ची मोकळी. मला हे उत्तर वाटतंय. देवाने शब्दांत नाही सांगितलं, पण रांग दाखवली. लोकांना माझा हात आवडतो, म्हणजे तिसरी खुर्ची टाकावी. शिंप्याला उद्या शब्द देऊन टाकावा की काय? पण दादाचं "बघू" अडकून राहिलंय घशात.

१६ फेब्रुवारी, रविवार

पाळकसाहेबांच्या डाव्या कानाच्या पाळीवर पट्टी. काल त्यांनी दादाकडे केस कापले होते, मी तेव्हा बँकेत गेलो होतो. दारात हात मिळवताना विचारलं, कानाला काय झालं? म्हणाले, "घाई झाली जरा." कोणाला घाई झाली ते काही सांगितलं नाही. आणि माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. पाळकाने नजर चुकवावी हे मी पहिल्यांदा पाहिलं.

दादाने माणसाचा कान कापावा? शक्यच नाही. तीस वर्षांत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो. हात जड झालाय.

सकाळी पडद्यामागे बसलो होतो. अजून बाजार उघडला नव्हता. शटर वर गेल्याचा आवाज आला. दादा. तो एवढ्या लवकर कधीच येत नाही. मी हाक मारणार होतो, तेवढ्यात कात्री सुरू झाली. गिऱ्हाईक नाही, केस नाहीत, नुसती हवेत. कच कच. थांबली. पुन्हा कच कच कच, आणि खण्णकन खाली पडली. त्याने उचलली. पुन्हा. आवाजावरून कळत होतं की ती जुनीच कात्री आहे, वडिलांनी दिलेली. मी डोळे मिटून घेतले, लहानपणी मिटायचो तसे, आणि वडील शेजारी उभे असल्यासारखं मला एकदम समजलं. कात्रीला काही झालेलं नाही. दादाचा हात.

आजार रेड्याला आणि औषध पखालीला. मी स्क्रू आवळत होतो. तेल घालत होतो. तुरटीच्या मालाला दोष देत होतो. त्याला नवी कात्री आणून दिली मी! काय वाटलं असेल त्याला?

मग दादाचा आवाज आला. तो एवढा सलग बोललेला मी कधी ऐकला नव्हता. म्हणाला, "देवबापा, धाकटा माझ्याशी बोलत नाही आता. रागावलाय माझ्यावर. हात घ्यायचा असेल तर घे, पण त्याला बोलता कर. त्याच्याशिवाय मला हे दुकान नको."

मी मागच्या दाराने बाहेर पडलो आणि भिंतीला टेकून रडलो. मग तोंड धुऊन वळसा घालून पुढून आलो आणि म्हटलं, "आज लवकर?" तो म्हणाला, "हं. जाग आली."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

हिला सगळं सांगितलं. तिला आधीच माहीत होतं. वहिनींनी शपथ घातली होती. पाळकसाहेबांना माहीत होतं, त्यांच्या कानाला तर नक्कीच. पोस्टमास्तरांनाही संशय होता. सगळ्या बाजाराला दिसलं आणि त्याच्यापासून हाताच्या अंतरावर उभा राहणाऱ्या मला नाही.

मी म्हटलं, "आत्ता जातो त्याच्या घरी. सांगतो, मला कळलंय, काळजी करू नकोस, मी आहे, मोठ्या डॉक्टरांना दाखवू..."

ती म्हणाली, "झालं. सुरू झाला रेडिओ. अहो, त्यांची गोष्ट आहे ती. तुम्हीच सांगून टाकणार का? त्यांना सांगू द्या."

"आणि नाहीच सांगितलं तर? तोवर कोणाला लागलं तर?"

"दाढ्या तर तुमच्याकडेच पाठवतात ना ते? आणि मानेचं, कानाजवळचं काम तुम्ही घ्या. पण सांगायचं ते त्यांनाच सांगू द्या."

आज दुकानात पुन्हा बोलायला लागलो. थोडं. हवा, रस्त्यावरचा खड्डा, पोस्टमास्तरांची टोपी. पूर्वीसारखं नाही, मध्ये जागा ठेवून. दादाने आरशातून बघितलं आणि त्याचे खांदे खाली आले. एवढ्यासाठी तो माणूस देवाकडे गेला होता, माझी बडबड परत मागायला. जगात आणखी कोणी हे मागितलं नसेल.

तिसऱ्या खुर्चीचं देवाला विचारणं मी बंद केलंय. आता एकच मागतो. शनिवारपर्यंत मला तोंड आवरायची ताकद दे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

शब्द जिभेच्या टोकावर येतात आणि मी ते गिळतो. उपास सोपा असतो याच्यापेक्षा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

शटर खाली ओढलं. दादा कोट घालायला लागला. मी गेलो आणि त्याच्या खुर्चीत बसलो, कापड स्वतःच गळ्याभोवती बांधलं आणि मान मागे टाकली.

"आज राहू दे," दादा म्हणाला.

मी बसून राहिलो.

"अरे, उशीर झालाय."

मी कापडाची गाठ आणखी घट्ट केली. दादाने एकदा शटरकडे पाहिलं. मग त्याने कोट काढला. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवला, सवयीने. वाटीत फेस केला, माझ्या गालांना लावला, गळ्याला लावला. मग वस्तरा उचलला. आरशात मला त्याचा हात दिसला. खोटं कशाला लिहू, माझ्या गळ्यावरून थंडगार काहीतरी सरकलं आणि वस्तरा अजून लागलाही नव्हता. मी उठू शकत होतो. "मला माहीत आहे" म्हणू शकत होतो. मी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले आणि आरशात त्याच्याकडे बघत राहिलो.

दादाने वस्तरा खाली ठेवला. "नाही जमत मला," तो म्हणाला. आणि पहिल्यांदाच आरसा सोडून, खुर्ची फिरवून, माझ्यासमोर आला.

मग तो बोलला. पावसाळ्यापासून बोटं ऐकत नव्हती. आधी वाटलं थकवा. डॉक्टर म्हणाले, हे पूर्ण जाणार नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात राहील, बरीच वर्षं काम करता येईल, फक्त धार हातात नको. "धार नको म्हणजे मी काय राहिलो रे?" दादा म्हणाला. "तू भिंत पाडायचं म्हणत होतास, तिसरी खुर्ची म्हणत होतास. आणि इथे माझी दुसरीच रिकामी होत होती. कसं सांगणार?" नव्या कात्रीचं म्हणाला, "वाटलं, हा माझ्या तोंडावर सांगतोय की हात सुधार नाहीतर घरी बस." माझ्या तोंडावर फेस वाळून ताणत होता. तो रडायला लागला. मी फक्त त्याचा तो हात धरला. धरल्यावरही तो हलत होता, मुठीत पाखरू धरल्यासारखा.

"तुझा राग नव्हता," मी शेवटी म्हटलं. "मी देवाचा आवाज ऐकायला गप्प बसलो होतो."

दादा माझ्याकडे बघतच राहिला. मग डोळे पुसता पुसता हसायला लागला. म्हणाला, "गाढवा, नाताळात मीच मागितलं होतं ते. म्हटलं, देवा, ह्याला चार दिवस गप्प कर, म्हणजे मला सांगायला फट मिळेल. आणि तू खरंच गप्प झालास तेव्हा माझीच पाचावर धारण बसली."

"पाळकसाहेबांना सांगून उपदेश करवलास?"

"छे. त्यांना तर कान कापल्यावर कळलं."

म्हणजे बघा. मी रोज पडद्यामागे कान लावून बसलो होतो, आणि देव त्या वेळी दादाचं ऐकत होता.

मग मी त्याला खुर्चीत बसवलं आणि नाताळापासूनची दाढी उतरवली. खालून आमचे वडील निघाले, थोडे बारीक झालेले. उठला आणि म्हणाला, "बस आता." माझा फेस वाळला होता, तो त्याने पुसला आणि नवा केला. ब्रशला त्याच्या हाताची काही अडचण नव्हती. उलट फेस असा आला की वाटीच्या वर उभा राहिला. त्याने तो माझ्या तोंडाला लावला, कानापासून कानापर्यंत, हळूहळू. वस्तरा मी स्वतः चालवला. तो मागे उभा राहून सांगत होता, "डावीकडे राहिलंय. हनुवटीखाली जपून, मागे कापलं होतंस."

वडिलांनी सांगितलं होतं तोंडावर भावाचा हात फिरलेला असावा. वस्तरा त्याच्याच हातात असावा असं ते म्हणाले नव्हते.

२३ फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर दारात पाळकसाहेबांनी विचारलं, काय, अभ्यास चाललाय का? मी खरं ते सांगितलं. म्हटलं, साहेब, देव माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. नळ ऐकला, वजनकाट्यावाल्याची बायको ऐकली, माझ्या बायकोची बोलणी ऐकली, दादा ऐकला. देवाचं काही जमलं नाही, माझ्यातच काही कमी असेल. ते कानावरची पट्टी चाचपत एवढे हसले की लोक बघायला लागले. यात हसण्यासारखं काय होतं कोणास ठाऊक. हिला विचारलं तर म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा," आणि पुढे चालायला लागली.

१० मार्च, सोमवार

शिंप्याची जागा एका चष्मेवाल्याने घेतली. घेऊ दे. तिसरी खुर्ची मात्र आली, घरातलीच, लाकडी, दोन आरशांच्या मधोमध. दादाला उभं राहून थकवा येतो म्हणून. तो तिथे बसून सगळ्यांचा फेस करतो, वस्तऱ्याची धार बोटाने नाही तर आवाजाने तपासतो आणि माझी कात्री चुकली की डोळे न उघडता म्हणतो, "हं." दुसऱ्या खुर्चीसाठी माणूस बघतोय. गोळ्या लागू पडताहेत म्हणतात, हळूहळू. पोस्टमास्तरांनी आज माझ्यासमोर सांगितलं, "दाढी कोणीही करा, फेस दादाचाच हवा."

सकाळी मी पडद्यामागे बसायला निघालो तर दादा आधीच आला होता. म्हणाला, "पुढेच बस की." मग दोघं बसलो, शटर अर्धं वर ठेवून. तो मांडीवर वाटी घेऊन ब्रश फिरवत होता. मी बोललो नाही, तोही नाही.

ऐकलं: वाटीत फिरणारा ब्रश. कुठेही न अडखळता.